उजवा रकाना

वृषालीला कामावरून काढलं. सोमवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी दोन ओळींचा मेल आला. त्यातली दुसरी ओळ ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ अशी होती.

तर असं काही झालेलं नाही. घरात तसं ठरलेलं आहे. वृषाली अजूनही रोज नऊला आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसते. तिची आई सरूबाई अकराला चहा नेऊन ठेवते आणि दारात कुणी आलंच तर आवाज खाली आणून सांगते, "पोरगी मिटिंगमधी हाय." लॅपटॉपवर काय चाललंय हे कुणी वाकून बघत नाही. बघितलं तर दिसेल की काहीच चाललेलं नाही, आणि मग ठरलेलं मोडेल.

काम असं होतं. म्हणजे, आहे. इंग्रजीत काही शब्द एका वेळी दोन-दोन संसार करतात. ‘क्रेन’ म्हणजे लांब मानेचा पक्षी, आणि क्रेन म्हणजे वजन उचलायचं यंत्र. ‘सील’ म्हणजे समुद्रातलं जनावर, आणि सील म्हणजे शिक्का. स्पॅनिशमध्ये या दोन्ही संसारांना वेगवेगळी दारं आहेत. पक्ष्याला ग्रूया म्हणतात, यंत्राला ग्रूआ. जनावराला फोका, शिक्क्याला सेयो. वृषालीला अशा चाळीस शब्दांची एक यादी रोज भरायची असायची. वर एका ओळीत गिऱ्हाईक कोण ते लिहिलेलं, डाव्या रकान्यात एक स्पॅनिश शब्द, उजव्या रकान्यात दुसरा. त्या गिऱ्हाइकाला कुठला लागेल त्यावर टिक करायची. बस.

हीच यादी जगात दुसरीकडे कुठेतरी ‘रिव्ह्यूअर बी’ नावाचा माणूस भरायचा. दोघांच्या टिका किती जुळल्या, तो वृषालीचा स्कोअर. सलग तीन आठवडे साठच्या खाली गेलात तर तुम्हाला घरी बसवणार, असं करारात होतं. वृषाली आधीच घरी बसलेली होती, त्यामुळे ही धमकी तिला नीट कळायला जरा वेळ लागला.

स्पॅनिश ती पुण्यात पाच वर्षं शिकली होती. जर्मनची बॅच भरली होती म्हणून. पण शिकली ती मन लावून. घोड नदीपासून पारगावच्या कारखान्यापर्यंत स्पॅनिश येणारं दुसरं माणूस नव्हतं, आणि स्पॅनिशची गरज असणारंही नव्हतं. म्हणजे हिशेब बरोबर होता.

आणि तरी पहिल्या आठवड्यात तिला बावन्न पडले.

"किती पडले म्हनं?" तिच्या मामाने, संपतने, विचारलं. नारायणगावच्या रस्त्याला त्याचं द्राक्षांचं पॅकहाऊस होतं आणि दर रविवारी तो बहिणीकडे जेवायला यायचा.

"बावन्न."

"मंजे पास हाय की."

"साठला पास हाय, मामा."

"लई कडक हाय राव स्पॅनिश." मामाने भाकरी मोडली. "माझ्याकडं ये. खोक्यांवर स्टिकर लावायचं. स्टिकरला एकच अर्थ असतो."

वृषालीला स्टिकरचं वावडं नव्हतं. मामाच्या पॅकहाऊसमध्ये पंखे होते, बाया बोलक्या होत्या, चहा दोनदा मिळायचा. पण तिला या जगात एकच गोष्ट धड येत होती, आणि ती त्या आतल्या खोलीबाहेर कुणालाच लागत नव्हती. खोली गेली की स्पॅनिश गेलं. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवण्याइतकं तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. पाय खूप वेळ दुमडून बसल्यावर जसं पाय आहे एवढंच कळतं, तसं तिला ते कळत होतं.

दुसऱ्या आठवड्यात सत्तेचाळीस पडले.

तिसऱ्या आठवड्याच्या याद्या तिने नारायणगावला जाऊन झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणल्या. कागदावर वाचलं तर डोकं चालेल अशी आशा. पहिली यादी पलंगावर ठेवली आणि दुपारी तिथेच तिला झोप लागली. उठली तेव्हा यादी उशाशी होती आणि चाळीसच्या चाळीस शब्दांवर पेन्सिलीने टिका केलेल्या होत्या. आपणच केल्या असतील, असं तिला वाटलं. अलीकडे बरंच काही असंच होत होतं. केस विंचरलेले असायचे, कधी विंचरले ते आठवायचं नाही. तिने न वाचता टिका लॅपटॉपवर उतरवल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. आठवडाभर तसंच.

शुक्रवारी पुण्याच्या ऑफिसातून समृद्धीचा फोन आला. समृद्धी म्हणजे तिची कोऑर्डिनेटर. तिला कुणी कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या मागे कायम मिक्सर चालू असायचा.

"वृषाली मॅडम, काँग्रॅच्युलेशन्स! पंचाण्णव!"

"कशाला?"

"तुम्हाला! अख्ख्या बॅचमध्ये हायेस्ट आहे. असं काय केलंत?"

वृषालीने खरं ते सांगितलं. "झोपले होते."

"हाहा," समृद्धी म्हणाली. मिक्सर बंद झाला. "रेस्ट इज इम्पॉर्टंट."

सोमवारी दुपारी वृषालीने झोपेचं सोंग घेतलं. अडीच वाजता तिचे वडील, सयाजी, पावलं न वाजवता आत आले, उशाशेजारची यादी उचलली, नारळाच्या पिशवीत घातली आणि मळ्याच्या वाटेला लागले. ती मागोमाग गेली.

इथे सयाजींबद्दल सांगायला हवं. सयाजी स्वतःच्या मनाने काही करत नसत. त्यांच्या मळ्याच्या बांधावर यमाईचं छोटं देऊळ होतं आणि तिथे कौल लागायचा. देवीच्या दोन्ही खांद्यांवर शेवंतीची एकेक ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि बघत बसायचं. आधी उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बोअर कुठे घ्यायची, कांदा कधी काढायचा, शर्यतीच्या घाटात कुठला बैल जुंपायचा, मोटरसायकल काळी घ्यायची की लाल, सगळं सयाजी तिला विचारून करत. तेव्हा लेकीची नोकरी जायची वेळ आल्यावर ते दुसरीकडे कुठे जाणार?

देवळात यादी यमाईच्या मांडीवर ठेवलेली होती, देवीकडे तोंड करून, तिला वाचता यावी म्हणून. गेणू गुरव पाकळ्या चिकटवत होता. सयाजी पेन्सिल घेऊन बसले होते.

"बावीस नंबर," सयाजी म्हणाले.

"शब्द काय हाय?"

"मला काय म्हाईत. बी, ये, आर, के."

"बार्क," वृषाली मागून म्हणाली.

दोघंही दचकले नाहीत. गेणूने फक्त मान वळवली. "आं? मंजे काय गं बाय?"

"झाडाची साल. न्हाईतर कुत्र्याचं भुंकणं. डावीकडं साल, उजवीकडं भुंकणं."

"आई यमाई," गेणूने हात जोडले, "साल का भुकणं, काय ते सांग बाई."

उजवी पाकळी पडली. सयाजींनी भुंकण्यावर टिक केली.

"आबा," वृषाली म्हणाली, "वर बघा काय लिहिलंय. हे रोपांचं दुकान हाय."

"मग राखणीला कुत्रं नगं का?" गेणू म्हणाला.

सयाजींना यात वाद घालण्यासारखं काही दिसलं नाही. "तेवीस नंबर," ते म्हणाले.

वृषाली पायरीवर बसली. तिला राग यायला हवा होता, निदान हसू तरी. दोन्हींची ती थोडा वेळ वाट बघत बसली. यमाईने तोवर चाळीस शब्द पुरे केले. घरी येऊन वृषालीने ते उतरवून पाठवले, कारण यमाईला पंचाण्णव पडत होते आणि तिला सत्तेचाळीस. अनुभवी माणसाचं ऐकावं.

असे पाच आठवडे गेले. यमाईचा स्कोअर नव्वदच्या खाली आला नाही. समृद्धीने वृषालीला ‘बॅच लीडर’ केलं, म्हणजे तिच्या नावापुढे एक निळा ठिपका आला. रविवारी मामाला ठिपका दाखवण्यात आला. "हे काय नेलपॉलिश सांडलंय का?" असं त्याने विचारलं, पण स्टिकरचा विषय काढला नाही. सरूबाई दर शुक्रवारी देवीला पुरणाचा नैवेद्य नेऊ लागली. "पगार तिचा हाय," ती म्हणायची, "आपुन नुस्ता खातूय."

वृषालीने याद्या वाचणं सोडून दिलं होतं. एका दुपारी सयाजी बेल्ह्याच्या बाजाराला गेले होते म्हणून यादी घेऊन ती स्वतः देवळात गेली. गेणूने पाकळ्या लावल्या. उजवी पडली. परत लावल्या. उजवी. चौदा वेळा उजवी पडल्यावर ती खाली वाकली आणि डोळा बारीक करून देवीकडे बघू लागली, जशी माणसं भिंत ओळंब्यात आहे का बघतात.

"गेणूकाका, देवी कलली हाय का?"

गेणूने आधी बाहेर कुणी आहे का ते बघितलं. "बोअरचं मशिन लावलं व्हतं ना तुज्या बापानं, हितंच बांधाला? तवापासनं. उजव्या अंगाला बोटभर बसलीय खाली."

"किती वर्षं झाली?"

"अकरा."

"अकरा वर्षं ती सगळ्यांना हो म्हणतीय?"

"वारं सुटलं तर एखांद-दुसरी डावी पडती," गेणू म्हणाला. "आन् काय बिघडलं गं? बायडाबाईच्या पोराला जीप घ्यायची व्हती, घेतली. गावात चार द्राक्षबागा वाढल्या. देवी न्हाई म्हणत व्हती तवा दिवसाला दोन माणसं यायची. आता रांग असती." त्याने पाकळ्या गोळा केल्या. "तुज्या बापाला बोलू नगंस. त्यानं दोन बैल इकलेत माज्या शब्दावर. मंजे, तिच्या."

वृषाली घरी आली आणि तिने त्या दिवशीची यादी देवीशिवाय भरली. चाळीसच्या चाळीस टिका उजव्या रकान्यात. शुक्रवारी त्या एका यादीपुढे शंभर आले. यमाईपेक्षा पाच जास्त, वारं नव्हतं.

तिने समृद्धीला फोन केला.

"समृद्धी मॅडम, रिव्ह्यूअर बी शब्द वाचत नाहीत. ते नुसत्या उजवीकडे टिका करतात."

"असं कसं म्हणता? ते सीनियर आहेत."

"त्यांचं काम कोण तपासतं?"

"तुम्ही तपासता ना. तुमचं त्यांच्याशी जुळतं म्हणजे ते बरोबर."

"आणि मी बरोबर कशी?"

"तुमचं त्यांच्याशी जुळतं," समृद्धी हळू आवाजात म्हणाली, लहान मुलाला भागाकार समजावावा तशी. मग मिक्सर चालू झाला.

वृषालीने फोन ठेवला. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी एक माणूस होता, त्याचं बोट उजवीकडे कललेलं होतं. कदाचित त्याच्याही घराशेजारी कुणी बोअर मारली असेल. तिला त्याचा राग आला नाही. आपणही पाच आठवडे तेच केलं, फरक एवढाच की आपण मध्ये शेवंतीचा खर्च केला.

पुढच्या सोमवारी नवीन काम आलं. तीन आठवड्यांच्या याद्या एकदम, आणि सगळ्यांच्या वर एकच ओळ: ‘दवाखाना. रुग्णांना हातात द्यायची माहितीपत्रकं. अंतिम निवड: रिव्ह्यूअर बीशी जुळलेला शब्द.’

बऱ्याच दिवसांनी तिने यादी वाचली.

‘स्टूल.’ डावीकडे एसेस, म्हणजे शौचाचा नमुना. उजवीकडे ताबुरेते, म्हणजे बसायचं स्टूल. ‘ड्रिप.’ डावीकडे सलाईन, उजवीकडे गळकं छप्पर. ‘थिएटर.’ डावीकडे ऑपरेशनची खोली, उजवीकडे नाटकाची. ‘डिस्चार्ज.’ डावीकडे आल्ता, रुग्णाला घरी सोडणं. उजवीकडे देस्कार्गा, ट्रकातून माल उतरवणं. सगळे शब्द असे उलटे नव्हते. निम्म्यांत उजवा रकाना आपसूक बरोबर होता. ‘पेशंट’ तर दोन्हीकडे पासिएन्तेच होता, कारण स्पॅनिशमध्ये आजारी माणूस आणि धीराचा माणूस यांना एकच शब्द आहे. तिथे कुणी कुठेही टिक केली तरी चाललं असतं.

तिला एक म्हातारी दिसली. कुठल्या देशातली ते यादीत नव्हतं. इंग्रजी येत नसलेली, हातात पत्रक धरून दवाखान्याच्या बाकावर बसलेली. पत्रकात लिहिलेलं होतं की उद्या सकाळी उपाशी पोटी बसायचं स्टूल घेऊन या. म्हातारी ते आणणार होती. अशा बायका सांगितलेलं सगळं करतात. सरूबाईला नारायणगावच्या डॉक्टरने लघवीची बाटली आणायला सांगितली होती तेव्हा ती नवीन विकत घेऊन, धुऊन, रिकामी घेऊन गेली होती.

रात्रीच्या जेवणाला वृषालीने घरच्यांना सांगितलं. रिव्ह्यूअर बीचं सांगितलं, दवाखान्याचं सांगितलं. देवी कलल्याचं सांगितलं नाही.

"खरे खरे शब्द भरले की माझा स्कोअर पन्नासच्या आत. तीन आठवडे. मग काढतील."

"आन् खोटं भरलं की?" सरूबाईने विचारलं.

"मग छापतील तेच."

"तुजं खरं छापणार हायेत का?"

"न्हाई. जुळलं न्हाई तर सीनियरचं घेतात."

सरूबाईने भाकरी उलटली. "मंजे तू खरं भरलंस तरी त्येच छापणार, आन् खोटं भरलंस तरी त्येच. मग तुजं काम कशापायी घालवायचं गं?"

आई चुकीचं बोलत नव्हती. वृषालीने चूक शोधून बघितली.

सयाजी उठले. "मी इचारून येतो," म्हणाले, आणि बॅटरी न घेताच निघाले. वाट त्यांच्या पायाला पाठ होती. अर्ध्या तासाने परत आले ते जोत्यावरच बसून राहिले. चेहरा असा, जसा कुणी पावती मागावी आणि पावतीपुस्तकच नसावं.

"काय म्हनली?" सरूबाईने विचारलं.

"पैल्यांदा इचारलं, पोरीनं खरं भरावं का. हो म्हनली."

"झालं की मग."

"मग म्या म्हनलं, खातर करावी. उलटं इचारलं. पोरीनं गप उजवीकडं टिका माराव्या का." सयाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "हो म्हनली."

गोठ्यात बैल पाय आपटत होता.

"आसं कदी झालं न्हाई," सयाजी म्हणाले. "इतक्या वर्षांत आसं झालं न्हाई."

इतक्या वर्षांत त्यांनी उलटं कधी विचारलंच नव्हतं, हे वृषालीच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, "आबा, मग मी काय करू?"

सयाजींनी तिच्याकडे पाहिलं. मुलीने थेट असं काही विचारण्याची त्यांना सवय नव्हती. असे प्रश्न ते पुढे पाठवत. बराच वेळ त्यांनी टोपीची घडी घातली आणि उघडली.

"तुला त्यातलं कळतंय ना?"

"कळतंय."

"मग कळणाऱ्यानं कळतंय तसं करावं," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच मनाने काहीतरी बोलल्यामुळे घाबरून आत निघून गेले.

वृषालीने तीन आठवडे एकेक शब्द वाचून भरला. काही शब्दांसाठी तिने दोन-दोन तास घालवले, जुन्या वह्या काढल्या, एका शब्दासाठी पुण्यातल्या तिच्या बाईंना फोन केला. ‘लेबर’पुढे प्रसूती की मजुरी, ‘चेस्ट’पुढे छाती की पेटी, हे तिला पहिल्या नजरेत येत होतं, तरी तिने प्रत्येकाला त्याचा वेळ दिला. शुक्रवारी स्कोअर यायचे. अठ्ठेचाळीस. एक्कावन्न. सेहेचाळीस. तिसऱ्या शुक्रवारी निळा ठिपका गेला.

सोमवारी दहा वाजून चार मिनिटांनी काय झालं नाही, ते वर आलेलंच आहे.

आठवड्याभराने समृद्धीने आपणहून फोन केला. मागे मिक्सर नव्हता. "मॅडम, तुमचा परफॉर्मन्स इतका छान चालला होता. घरी काही प्रॉब्लेम झाला का?"

"ती दवाखान्याची पत्रकं कुठवर आली?"

"ती गेली ना छापायला. बहुतेक वाटलीपण असतील."

"उजवा रकाना?"

"अंतिम प्रत," समृद्धी म्हणाली. मग जरा थांबून, "तुमचं काही म्हणणं असेल तर तक्रार निवारणाचा फॉर्म असतो. मी लिंक पाठवते. आजवर कुणी भरलेला नाही, त्यामुळे उघडतो की नाही मला माहीत नाही."

फॉर्म उघडला. त्यात नाव, कर्मचारी क्रमांक आणि ‘आपले म्हणणे’ असा एक चौकोन होता. वृषालीने दार लोटून घेतलं. बाहेर सरूबाई कुणाला तरी सांगत होती, "मिटिंगमधी हाय, लई मोठी मिटिंग हाय आज." वृषालीने लिहिलं:

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी यांस,

विषय: दवाखाना माहितीपत्रकांमधील चुकीच्या शब्दांबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर पत्रकांमधील सहाशे शब्दांपैकी तीनशे दहा शब्द चुकीचे छापले गेले आहेत. त्यांची यादी योग्य शब्दांसह सोबत जोडली आहे. मला कामावर परत घ्यावे अशी माझी मागणी नाही. सदर दवाखाना कोणत्या गावी आहे हे मला कळविण्यात आलेले नाही, त्यामुळे मी स्वतः जाऊन सांगू शकत नाही. तरी सर्व पत्रके परत मागवून दुरुस्त होईपर्यंत, सदर दवाखान्याच्या हद्दीतील स्पॅनिश बोलणाऱ्या कोणत्याही इसमाने आजारी पडू नये, व आधीच पडला असल्यास दुरुस्त प्रत हाती येईपर्यंत आहे तसेच राहावे, असे लेखी आदेश संबंधितांना तातडीने देण्यात यावेत, ही नम्र विनंती.